“मॅडम, यातलं आधी कुठलं करू?”

विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी बरीच वर्षं काम करते आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी करिअरच्या तयारीला उपयोगी पडतील अशी ऑनलाइन साधनं एकत्र करून द्यायची, असं ठरलं तेव्हा ते काम आपसूकच माझ्याकडे आलं. मलाही ते मनापासून आवडलं. शोधायचं, पारखायचं, वर्गवारी लावायची, हे तर आमचं रोजचंच. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य सगळ्या जगाला मोफत खुलं करणार असल्याचं २००१ साली जाहीर केलं होतं. तिथून सुरुवात केली. मग मोफत धडे देणारी खान अकॅडमी, विद्यापीठांचे कोर्स ऑनलाइन देणारे, २०१२ मध्ये सुरू झालेले कोर्सेरा आणि एडएक्स, प्रोग्रॅमिंग मोफत शिकवणारं फ्रीकोडकॅम्प, असं करत करत १४२ लिंक जमल्या. विषयवार लावल्या, प्रत्येकीखाली दोन ओळींचा परिचय लिहिला, मोफत काय आणि पैसे कुठे लागतात तेही नोंदवलं. दोन महिने लागले.

यादी खुली केल्यावर तीनेक आठवड्यांनी समाजशास्त्राची एक विद्यार्थिनी टेबलापाशी आली. तिच्या फोनवर माझीच यादी उघडलेली होती. म्हणाली, “मॅडम, यातलं आधी कुठलं करू?”

“तुला पुढे काय करायचंय त्यावर आहे,” मी म्हटलं.

“तेच तर कळत नाहीये.”

तिने सहा कोर्स सुरू केले होते. सहाही कोर्सचा पहिला आठवडा झाला होता, दुसरा एकाचाही नाही. “मीच आळशी आहे बहुतेक,” असं ती म्हणाली ते मला फार लागलं. सकाळी ग्रंथालय उघडल्यापासून संध्याकाळपर्यंत वाचत बसणारी ही मुलगी. ती आळशी नाही हे मी रोज डोळ्यांनी पाहत होते.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी अशा कोर्सेसचे आकडे शोधायला बसले. स्टॅनफर्डने २०११ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक कोर्स सगळ्यांना खुला केला होता. त्याला सुमारे १,६०,००० लोकांनी नाव नोंदवलं. शेवटपर्यंत पोचले ते २३,००० च्या आसपास. पुढे २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एमआयटीच्या दोन संशोधकांनी हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्सवरच्या कोर्सेसचा हिशेब मांडला. २०१७-१८ या वर्षात नाव नोंदवणाऱ्यांपैकी कोर्स पूर्ण करणारे ३.१३ टक्के होते. पैसे भरून, ओळख पटवून प्रमाणपत्राच्या वाटेने गेलेल्यांमध्ये हेच प्रमाण ४६ टक्के होतं. पैसे भरले म्हणून लोक टिकले असं मी यावरून म्हणणार नाही. टिकायचं ठरवूनच आलेल्यांनी पैसे भरले, असंही असू शकतं. पण माझ्यापुरती एक गोष्ट स्पष्ट झाली. ती मुलगी शंभरातल्या त्या सत्त्याण्णव जणांमध्ये होती, आणि यादीत आणखी चार लिंक घालून तिचं काहीच भलं होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर एक चिठ्ठी लावली. दर गुरुवारी दुपारी वाचनकक्षाच्या मागच्या खोलीत दीड तास बसायचं, नोकरीच्या तयारीसाठी, एक सत्र. अकरा जण आले. समाजशास्त्र, भौतिकशास्त्र, साहित्य, वाणिज्य, सगळ्या शाखांतले. करिअर मार्गदर्शनाचं प्रशिक्षण मी घेतलेलं नाही, हे पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगून टाकलं. शोधायचं कसं एवढं मला येतं, तिथूनच आपण सुरुवात करू, असं म्हटलं.

पहिले दोन गुरुवार एकही कोर्स उघडला नाही. प्रत्येकाने नोकरीच्या १० जाहिराती आणायच्या होत्या. जिथे जायला खरंच आवडेल अशाच, आणि अनुभव न मागणाऱ्या किंवा फार तर वर्षभराचा मागणाऱ्या. जाहिराती दोन आठवड्यांत नाहीशा होतात, त्यामुळे लिंक न ठेवता पूर्ण मजकूर उतरवून आणायला सांगितलं. मग छापील प्रती टेबलावर पसरल्या आणि दोन रंगांची पेनं घेतली. ‘हवंच’ असं जिथे म्हटलंय त्याला एक रंग, ‘असल्यास उत्तम’ म्हटलंय त्याला दुसरा. त्यावर आणखी एक काम दिलं, आणि सबंध सत्रात सर्वांत जास्त उपयोग त्याचाच झाला असं मला आजही वाटतं. क्रियापदांखाली रेघ मारायची. जाहिरातीत नामांची गर्दी असते: नेतृत्व, संवादकौशल्य, विश्लेषण. ती वाचून माणूस घाबरतो किंवा भारावतो, पण रोज तिथे जाऊन करायचं काय हे त्यातून कळत नाही. क्रियापदं ते सांगतात. नोंदी तपासणे. दर आठवड्याला अहवाल पाठवणे. ग्राहकाची तक्रार ऐकून ती योग्य विभागाकडे नेणे.

भौतिकशास्त्राचा एक विद्यार्थी तोवर रात्र रात्र जागून न्यूरल नेटवर्क, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेतलं एक तंत्र, शिकत होता. त्याच्याच १० जाहिरातींपैकी आठांमध्ये रेघ पडली ती वेगळ्याच गोष्टींखाली: एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत माहिती काढणे, स्प्रेडशीटमध्ये ती जुळवणे, तक्ते करणे, आणि तांत्रिक पार्श्वभूमी नसलेल्या सहकाऱ्यांना ते समजावून सांगणे. न्यूरल नेटवर्क दोनच ठिकाणी होतं, तेही ‘असल्यास उत्तम’मध्ये. तो बराच वेळ त्या कागदांकडे बघत राहिला. वाया गेलं असं त्याला वाटू नये म्हणून मी काही बोलणार, तेवढ्यात तोच म्हणाला, “ते मी नंतर करीन. ते मला आवडतं. पण हे आधी.”

साहित्याच्या विद्यार्थिनीची गोष्ट उलटी. तिला मनाजोगत्या १० जाहिराती मिळेनात. शिक्षिका, पत्रकार, अनुवादक याच्यापुढे कामांची नावंच तिला माहीत नव्हती, मग ती शोधणार तरी काय? तिच्यासाठी आम्ही ओ-नेट उघडलं. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या मदतीने चालणारा हा व्यवसायांचा कोश आहे. ९०० हून अधिक व्यवसायांत माणूस दिवसभर काय करतो, याच्या याद्या त्यात आहेत. वेतनाचे आणि मागणीचे आकडे त्या देशापुरते असतात, ते आम्ही बाजूला ठेवले. कामाची वर्णनं मात्र कुणालाही उपयोगी पडण्यासारखी आहेत. त्यातून तिला ‘तांत्रिक लेखक’ हे नाव सापडलं: यंत्राची किंवा सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका वापरणाऱ्याला कळेल अशा भाषेत लिहिणारा माणूस. “हे काम असतं?” असं तिने दोनदा विचारलं. पुढच्या गुरुवारी १० ऐवजी १४ जाहिराती घेऊन आली.

यानंतरचा एक आठवडा माणसांशी बोलण्याचा होता. प्रत्येकाने ते काम करणाऱ्या एका तरी व्यक्तीला निरोप पाठवायचा, नोकरी मागायची नाही, तीनच प्रश्न विचारायचे. गेल्या आठवड्यात तुम्ही काय काय केलंत? कामाला लागल्यावर काय नव्याने शिकावं लागलं? आधी शिकलेलं काय कधीच लागलं नाही? मुलं खूप बिचकली. ओळख नसताना कसं विचारायचं? दूरच्या, ओझरत्या ओळखी नोकरीच्या बाबतीत जवळच्या ओळखींपेक्षा जास्त कामाला येतात असं समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ सालीच मांडलं होतं, तो लेख मी त्यांना काढून दिला. त्याने थोडा धीर आला. सगळ्यांना उत्तरं आली नाहीत. ज्यांना आली त्यांनी ती वाचून दाखवली, आणि बहुतेक उत्तरांत एकच गोष्ट होती: समोरच्याला नेमकं काय हवंय ते विचारून घ्यायला शिकावं लागलं.

चौथ्या आठवड्यात कोर्स निवडले. माणशी एक. नाव नोंदवण्याआधी शेवटची असाइनमेंट काय आहे ते बघायचं, आणि ती करून हातात काहीतरी तयार झालेलं राहणार असेल तरच तो कोर्स घ्यायचा. पूर्वतयारी म्हणून काय यायला हवं तेही तिथेच लिहिलेलं असतं, पण ते कोणी वाचत नाही. पैशांच्या बाबतीत मुलांचा फार गोंधळ होता. एमआयटीचं खुलं साहित्य पूर्ण मोफत, नाव नोंदवायचीही गरज नाही, पण प्रमाणपत्र मिळत नाही. एडएक्सवर ऑडिट म्हणजे नुसतं शिकण्यापुरता प्रवेश बहुधा मोफत असतो, पण त्याला मुदत असते आणि गुण मिळणाऱ्या असाइनमेंट सहसा बंद असतात. कोर्सेरावर ऐपत नसलेल्यांना आर्थिक साहाय्यासाठी अर्ज करता येतो. अर्जात आपली परिस्थिती आणि उद्देश लिहावा लागतो, आणि उत्तर यायला दिवस लागतात, म्हणून तो आधीच भरून ठेवलेला बरा. हार्वर्डचा सीएस५० हा संगणकशास्त्राची ओळख करून देणारा कोर्स पैसे न भरताही करता येतो, आणि सगळी कामं पूर्ण केली तर त्यांचं स्वतःचं मोफत प्रमाणपत्रही मिळतं. हे नियम बदलत राहतात, म्हणून दर सत्राआधी मी ते पुन्हा तपासून घेते.

मग प्रत्यक्ष अभ्यास सुरू झाला, आणि माझी स्वतःची समजूत सर्वांत जास्त इथे बदलली.

मुलं व्हिडिओ बघत होती. मन लावून बघत होती, काही जण दीडपट वेगाने. “झाला का तिसरा भाग?” “झाला.” “काय होतं त्यात?” आणि मग शांतता. त्याच सुमारास मी बार्बरा ओकली आणि टेरेन्स सेजनोव्स्की यांचा शिकावं कसं याविषयीचा कोर्सेरावरचा कोर्स स्वतः करत होते. मुलांना सांगायचं तर आपण एक तरी पूर्ण करायला हवा, असं वाटलं म्हणून. त्यात एक गोष्ट वारंवार येते. समोर चाललेलं समजतंय, म्हणजे आपल्याला ते येतंय, असा भास होतो. पुस्तक किंवा पडदा बंद करून आठवायला गेलं की तो भास तुटतो. याला आधार देणारा एक प्रयोग रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने एकदा वाचून नंतर तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे होते.

गुरुवारचं स्वरूप त्या दिवसापासून बदललं. आल्या आल्या प्रत्येकाला एक कोरा कागद. लॅपटॉप बंद, फोन पालथा. आठवडाभरात जे शिकलो ते आठवून लिहायचं, १५ मिनिटं. मग शेजाऱ्याला समजावायचं, तेही दुसऱ्या शाखेच्या. पहिल्या खेपेला बहुतेकांचे कागद अर्धे कोरे राहिले आणि खोलीत एक अस्वस्थता पसरली. वाणिज्यची एक मुलगी रडवेली झाली होती. मी त्यांना सांगितलं की कोऱ्या राहिलेल्या जागेतच तुमचा पुढचा आठवडा आहे, नेमकं तेवढंच परत बघा. चौथ्या खेपेपर्यंत मुलं कागद मागून घ्यायला लागली. व्हिडिओही तुकड्यातुकड्यांनी बघायचे असं ठरलं. एडएक्सवर व्हिडिओ बघण्याच्या ६९ लाख सत्रांचा अभ्यास २०१४ मध्ये झाला होता, त्यात लोकांचं लक्ष साधारण सहा मिनिटांपर्यंत टिकतं असं दिसलं होतं. आम्ही दर सहा-सात मिनिटांनी थांबून, पुढे काय येईल याचा अंदाज एका ओळीत लिहायला सुरुवात केली.

एक विद्यार्थी पाचव्या आठवड्यानंतर यायचा थांबला. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण चूक माझी होती. तो संध्याकाळी काम करत होता, घरी संगणक नव्हता, सगळा कोर्स फोनवर आणि मोजक्या डेटात करायचा होता. शिवाय बोलली जाणारी इंग्रजी त्याला भराभर कळत नव्हती, प्रत्येक व्हिडिओ तो तीनदा बघायचा. म्हणजे डेटा तिप्पट आणि वेळ तिप्पट. हे मला त्याच्या मित्राकडून कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं. बहुतेक मोठ्या कोर्सेसना व्हिडिओचा लिखित मजकूर उपलब्ध असतो. तो उतरवून, छापून ठेवणं हे ग्रंथालयाला सहज जमणारं काम होतं. वाचायला त्याला काहीच अडचण नव्हती, अडत होतं ते ऐकताना. मजकूर छापून मी त्याच्याकडे पोचवला, पण तोवर त्याचे कामाचे तास वाढले होते आणि गुरुवार त्याला जमेना. आता पहिल्या दिवशी मी सगळ्यांना विचारते: तुम्ही हे कशावर बघणार, कुठे बसून, आणि दिवसातल्या कोणत्या वेळी?

समाजशास्त्राच्या त्या विद्यार्थिनीने, जिच्यापासून हे सगळं सुरू झालं, माहिती-विश्लेषणाचा प्राथमिक कोर्स निवडला होता. शेवटच्या असाइनमेंटसाठी तयार नमुना-माहिती दिलेली होती. तिने ती केली, पण तिचं समाधान होईना. “यात आधीच सगळं स्वच्छ आहे, मॅडम.” मग मी तिला आमच्या देवघेवीच्या नोंदी दिल्या. त्याआधी सभासदांची नावं आणि क्रमांक मी स्वतः काढून टाकले. कोण काय वाचतं हे ग्रंथालयाबाहेर जाता कामा नये, त्या बाबतीत मी तडजोड करत नाही. उरल्या फक्त तारखा, विषय आणि पुस्तकांची नावं.

तीन आठवडे ती त्याच्याशी झगडत होती. जुन्या नोंदींत दिवस आधी आणि महिना नंतर, मधल्या काही वर्षांत महिना आधी. एकाच पुस्तकाचं नाव चार पद्धतींनी लिहिलेलं. परत आल्याची तारीख नेल्याच्या तारखेच्या आधीची, अशाही नोंदी होत्या. ज्या कामाला कोर्समध्ये एक छोटा भाग होता, तेच प्रत्यक्षात सगळ्यात मोठं निघालं. ती काय काय दुरुस्त केलं आणि का, हे एका वहीत तारीखवार लिहीत गेली. शेवटी तिने एकच तक्ता समोर ठेवला. पुस्तकं सर्वांत उशिरा परत येतात ती परीक्षेच्या आधीच्या तीन आठवड्यांत, आणि त्यातही मोजक्याच पुस्तकांच्या बाबतीत. मुलं बेफिकीर असतात असं आम्ही समजत होतो. खरं तर त्या पुस्तकांच्या प्रती कमी होत्या, आणि ज्याच्या हातात प्रत पडेल तो ती सोडत नव्हता. आम्ही त्या पुस्तकांची एक एक प्रत फक्त बसून वाचण्यासाठी राखून ठेवली.

शेवटचे तीन आठवडे सीव्ही आणि मुलाखतीचे. सीव्हीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ‘अमुक कोर्स पूर्ण केला’ ही ओळ खाली जाते आणि त्यातून केलेलं काम वर येतं, एवढंच. मुलाखतीच्या सरावात मात्र एक प्रसंग घडला. आमच्या गटात नसलेला एक विद्यार्थी सरावाला आला होता. त्याच्याकडे १४ प्रमाणपत्रं होती, नीट फाइलमध्ये लावलेली. मी विचारलं, “यातलं कोणतंही एक घे. ते वापरून तू काय केलंस?” त्याला उत्तर देता आलं नाही. तो हुशार होता, मेहनती होता, एवढे कोर्स त्याने प्रामाणिकपणे केले होते. पण शिकलेलं कुठेतरी वापर असं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. १४ पैकी एक निवडून महिनाभरात एक लहानसं काम करायचं त्याने ठरवलं आणि ते केलंही. पुढच्या खेपेला त्याच प्रश्नावर तो सात मिनिटं बोलला. परिस्थिती काय होती, माझ्यावर काय जबाबदारी होती, मी काय केलं, त्यातून काय झालं, या चार पायऱ्यांनी उत्तर मांडायची पद्धत सगळीकडे शिकवतात. ती चांगलीच आहे. पण त्या पायऱ्यांवर ठेवायला घडलेलं काहीतरी हवं.

अकरापैकी आठ जणांनी कोर्स पूर्ण केले. समाजशास्त्राच्या त्या विद्यार्थिनीला एका संशोधन संस्थेत इंटर्नशिप मिळाली. मुलाखतीत बराचसा वेळ त्यांनी तिची ती वहीच बघितली, असं तिने सांगितलं. साहित्याची विद्यार्थिनी अजून शोधते आहे. दर गुरुवारी येते, नव्या मुलांचे कागद तपासते.

माझी यादीही आता पहिल्यासारखी राहिलेली नाही. १४२ पैकी २३ लिंक उरल्या आहेत. कुणीतरी शेवटपर्यंत पूर्ण केलेला कोर्सच यादीत राहतो, आणि माझ्या दोन ओळींच्या परिचयाऐवजी प्रत्येकीखाली तो पूर्ण करणाऱ्याची चिठ्ठी असते. माहिती-विश्लेषणाच्या कोर्सखालची चिठ्ठी अशी आहे: “तिसरा आठवडा अवघड आहे, तिथे मी दोनदा सोडला होता. त्याआधी टक्केवारी आणि सरासरी पक्की करून घ्या, खान अकॅडमीवर दोन दिवसांत होते. दिलेल्या माहितीवर थांबू नका, ती फार स्वच्छ असते. कुठे अडलात तर मी गुरुवारी मागच्या खोलीत असते.”